मोटार थांबते कशी?

मार्च महिन्याचे दिवस होते. भोरहून महाडकडे निघालेली भाड्याची जीप वरंधा घाट उतरत होती. आत आमचे अकरा विद्यार्थी, आम्ही आणि चालक. चालकांना मुले सकाळपासूनच ‘मामा’ म्हणू लागली होती. चवदार तळ्यावरील कार्यक्रमाला वेळेत पोहोचायचे होते आणि निघतानाच उशीर झालेला होता, म्हणून ‘जरा लवकर घ्या’ असे आम्ही मामांना दोनदा सांगितले होते. निम्मा घाट उतरल्यावर कसलासा करपट वास येऊ लागला. राब भाजण्याचा हंगाम असल्याने कोणी शेतात पालापाचोळा पेटवला असेल, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली. पुढच्या वळणाआधी मामांनी ब्रेकचे पेडल दाबले आणि ते काहीही प्रतिकार न करता थेट तळापर्यंत गेले.

मामा ओरडले नाहीत. त्यांनी पेडल तीन-चार वेळा भराभर दाबले, गाडी चौथ्या गिअरमधून तिसऱ्यात आणि मग दुसऱ्यात टाकली, हँडब्रेक एकदम न ओढता थोडाथोडा ओढला आणि जीप दरीच्या बाजूने काढून डोंगराच्या बाजूला, मातीच्या कडेला टेकवून थांबवली. चाकांतून निळसर धूर निघत होता. एक विद्यार्थी पाण्याची बाटली घेऊन चाकाकडे धावला, तेव्हा मात्र मामा पहिल्यांदा जोराने बोलले : “पाणी टाकू नको रे, तडकेल!” मग आमच्याकडे वळून शांतपणे म्हणाले, “सर, अर्धा तास लागेल. आपोआप गार होऊ द्यायचं.”

त्या अर्ध्या तासात आम्हाला पडलेले प्रश्न हा या लेखाचा आरंभ आहे. आम्ही इतिहासाचे शिक्षक. यंत्रशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे, हे आमचे माजी विद्यार्थी जाणतातच. परंतु आज त्याच माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकजण एस.टी. चालवतात, कोणी टेम्पो, कोणी टॅक्सी. काहींचे स्वतःचे गॅरेज आहे आणि बहुतेकांच्या दारात एखादी तरी गाडी उभी आहे. गाडी किती धावते हे सर्वांना सांगता येते. ती थांबते कशी, हे मात्र ती थांबत नाही तोवर कोणी विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते.

प्रथम एक मूलभूत गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ब्रेक वेग नाहीसा करीत नाही. धावत्या वाहनात गतीची ऊर्जा साठलेली असते आणि ऊर्जा नष्ट होत नसते, केवळ तिचे रूप पालटते. ब्रेक घर्षणाच्या द्वारे त्या गतीची उष्णता करतो आणि ती उष्णता हवेत सोडून देतो. थोडक्यात, ब्रेक ही एक चूल आहे. किती मोठी चूल, हे आकड्यांनी पाहू. प्रवाशांसह १,२०० किलो वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यातील गतिज ऊर्जा सुमारे १ लाख ६७ हजार ज्यूल भरते. एवढ्या उष्णतेत अर्धा लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत नेता येईल. म्हणजे एकदा गाडी पूर्ण थांबवणे म्हणजे चार-पाच कप चहाचे आधण ठेवणे होय.

पण ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि इथेच अनेकांची फसगत होते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यानंतर साधारण २० मीटरांत थांबते. ताशी १०० किलोमीटरला तेच अंतर ५५ मीटरांच्या पुढे जाते. शिवाय धोका डोळ्यांना दिसून पाय पेडलवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्या एका सेकंदात ६० च्या वेगाने १७ मीटर आणि १०० च्या वेगाने २८ मीटर अंतर गाडी काहीही न करता कापते. रस्ता ओला असेल तर वरच्या हिशेबात आणखी भर पडते. ब्रेक कितीही उत्तम असला तरी शेवटी गाडीला थांबवतो तो टायर आणि रस्ता यांच्यामधला घर्षणाचा धागा. तळहाताएवढे चार ठिपके रस्त्याला टेकलेले असतात आणि सारा कारभार तेवढ्यावर चालतो.

आता घाटाचा हिशेब करू. माणसे आणि सामान धरून आमची जीप दोन टनांची मानली आणि घाटमाथा व पायथा यांच्या उंचीत ५०० मीटरचा फरक धरला, तर उतरताना जी ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते तिच्यात सुमारे २९ लिटर पाणी उकळेल. अंघोळीचा भला मोठा बंबच म्हणा ना! ती सारी उष्णता चार चाकांतल्या काही किलो लोखंडात ओतली जाते, आणि आम्ही त्या लोखंडाला ‘लवकर घ्या’ म्हणत होतो.

या चुलीचा इतिहास आमच्या विषयाला जवळचा असल्याने तो जरा विस्ताराने सांगण्याचा मोह आवरत नाही. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीतील बेर्था बेंझ या महिलेने आपल्या दोन किशोरवयीन मुलांना सोबत घेतले आणि पती कार्ल बेंझ यांना न सांगता त्यांनी बनवलेली तीनचाकी मोटार मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत शंभर किलोमीटरांहून अधिक चालवत नेली. मोटारीने केलेला हा पहिला लांबचा प्रवास समजला जातो. त्या गाडीचे ब्रेक म्हणजे चाकावर दाबले जाणारे लाकडी ठोकळे होते. डोंगराळ उतारांवर ते झिजून निकामी होऊ लागले. तेव्हा बेर्थाबाईंनी वाटेतल्या बाउशलोट या गावी एका चर्मकाराला गाठले आणि ठोकळ्यांवर चामड्याचे तुकडे ठोकून घेतले. चामड्याने पकड सुधारली, आणि झिजले तर बदलता येईल असे ‘लायनिंग’ मोटारीच्या ब्रेकला मिळाले. आजही ब्रेक शू आणि डिस्क पॅड यांच्यामागची कल्पना तीच आहे : धातूचा पाठीराखा कायम ठेवायचा आणि त्यावरचा घासणारा थर बदलत राहायचा.

बेर्था बेंझ यांचे नाव इतिहासात राहिले, आणि ते योग्यच आहे. वाटेतल्या ज्या औषधविक्रेत्याने त्यांना इंधन म्हणून लिग्रोइन दिले, त्याचे दुकानही आज लोक पाहायला जातात. त्या चर्मकाराचे नाव मात्र आम्हाला कोणत्याही पुस्तकात आढळले नाही. चामड्याला हात लावणाऱ्यांची नावे टिपून ठेवण्याची सवय इतिहासाला कोठेच नव्हती की काय, असे एक वाक्य आम्ही वर्गात बोलून जातो. मुले त्यावर बराच वेळ गप्प राहतात.

इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ च्या सुमारास घोडागाड्यांसाठी ब्रेकचे ठोकळे बनवण्यास सुरुवात केली. डोंगरउतारावर गाडीवान जुन्या बुटांचे तळ ब्रेकला लावतात हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. पुढे मोटारी जड आणि वेगवान झाल्या. चामडे, कापूस, केसांचे पट्टे जळू लागले आणि न जळणारा पदार्थ म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी अॅस्बेस्टॉसच्या तंतूंचा वापर सुरू झाला. तो कित्येक दशके चालला. त्याची धूळ फुफ्फुसात गेल्याने श्वसनाचे असाध्य विकार आणि कर्करोग होतो हे सिद्ध झाल्यावर अनेक देशांनी त्यावर बंदी आणली. ब्रिटनने ती १९९९ मध्ये पूर्ण केली. आजच्या लायनिंगमध्ये काच, पोलाद, अॅरामिड यांचे तंतू, धातूंची पूड, रबर आणि हे सारे बांधून ठेवणारी राळ असे मिश्रण असते. तरीही गॅरेजमध्ये काम करणाऱ्या आमच्या मुलांना एक विनंती आहे. ड्रम उघडल्यावर आतली काळी धूळ हवेच्या पाइपने किंवा तोंडाने फुंकून उडवू नका. ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि नाकातोंडाला मास्क लावा. जुन्या गाडीतले जुने लायनिंग कशाचे आहे ते पाहून कळत नाही.

आता पायापासून चाकापर्यंतचा मार्ग पाहू. दोन टनांचे वाहन माणसाच्या पायाच्या दाबाने थांबते, यामागे तीन युक्त्या एकामागून एक काम करीत असतात.

पहिली युक्ती तरफेची. ब्रेकचे पेडल ही एक लांब तरफ असून तिच्यामुळे पायाचा जोर साधारण चौपट होतो. आपण १५ किलोचा भार दिला तर पुढे ६० किलोचा जातो.

दुसरी युक्ती बूस्टरची. बॉनेट उघडल्यावर चालकाच्या समोरच्या बाजूस जो काळा, गोल, डब्यासारखा भाग दिसतो तो बूस्टर. त्याच्या आत रबरी पडदा असून पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा काढून घेतलेली असते. पेट्रोल इंजिन हवा आत ओढत असते, त्या ओढीतूनच ही निर्वात स्थिती निर्माण होते. डिझेल इंजिनाला तशी ओढ नसल्याने त्यासाठी वेगळा पंप बसवावा लागतो. पेडल दाबले की पडद्याच्या पायाकडील बाजूस बाहेरची हवा शिरते. एका बाजूला वातावरणाचा दाब आणि दुसऱ्या बाजूला जवळपास पोकळी, अशी स्थिती होऊन पडदा पुढे ढकलला जातो. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो. २० सेंटिमीटर व्यासाच्या पडद्यावर तो पूर्ण लागू झाला नाही तरी दोनशे किलोंच्या वर जोर मिळू शकतो. आपण ज्या हवेत श्वास घेतो तीच हवा आपल्या पायाच्या मदतीला येते.

हे समजले की एक अत्यंत धोकादायक सवय का घातक आहे हेही समजते. डिझेल वाचावे म्हणून उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडून देणारे चालक आम्ही पाहिले आहेत. इंजिन बंद झाले की बूस्टरमध्ये शिल्लक असलेली पोकळी दोन-तीन वेळा पेडल दाबण्यापुरती टिकते. त्यानंतर पेडल दगडासारखे घट्ट होते. ब्रेक ‘फेल’ झालेला नसतो, पण तो लावायला पूर्वीच्या कित्येक पट जोर लागतो आणि घाबरलेल्या माणसाला वाटते की पेडल अडकले. याच क्षणी किल्ली मागे फिरली असेल तर स्टिअरिंगही जखडले जाऊ शकते. न्यूट्रलमध्ये गाडी सोडणाऱ्यांचे इंजिन चालू असते, त्यामुळे बूस्टर काम करतो. परंतु गिअरमधून मिळणारा अडथळा नाहीसा होतो आणि घाटाचा सारा भार त्या लहानशा चुलींवर पडतो. वाचलेल्या डिझेलचे पैसे चहाला पुरतील एवढेही नसतात.

तिसरी युक्ती सर्वांत सुंदर आहे आणि ती सतराव्या शतकातील आहे. फ्रेंच विचारवंत ब्लेझ पास्कल यांनी दाखवून दिले की बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना तितकाच पोहोचतो. बूस्टरपुढे मास्टर सिलिंडर असतो. समजा त्याचा व्यास २ सेंटिमीटर आहे, म्हणजे त्याच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटिमीटर झाले. पाय आणि बूस्टर मिळून १८० किलोचा जोर लागला, तर द्रवात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५७ किलोचा दाब निर्माण होतो. हा दाब बारीक पोलादी नळ्यांतून आणि शेवटी लवचीक रबरी होजमधून चाकापर्यंत जातो. तेथील दट्ट्या ५ सेंटिमीटर व्यासाचा असेल तर त्याचे क्षेत्रफळ साडेएकोणीस चौरस सेंटिमीटरांहून थोडे अधिक, आणि त्यावर पडणारा जोर १,१०० किलोंच्या वर! पायाच्या १५ किलोंचे चाकावर ११०० किलो झाले. फुकट मात्र काहीच मिळत नाही. पेडल कित्येक सेंटिमीटर दाबावे लागते तेव्हा पॅड एखाद्या मिलिमीटरपेक्षाही कमी सरकतो. म्हणूनच त्या नळ्यांत हवेचा एखादा बुडबुडाही चालत नाही. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. पेडलचा सारा प्रवास तो बुडबुडा चेपण्यातच खर्ची पडतो.

मोटारीत या द्रवाचा उपयोग करण्याचे श्रेय अमेरिकेच्या माल्कम लॉकहीड यांना दिले जाते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी ही पद्धत सिद्ध केली आणि १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक आले. तत्पूर्वी केबल आणि सळ्या होत्या. एका चाकाची केबल जरा ताणली गेली की गाडी त्या बाजूला ओढली जाई. द्रव चारही चाकांशी सारखाच न्यायाने वागतो. त्यातील उणीव एवढीच होती की एक नळी फुटली तर चारही चाके ब्रेकविना. म्हणून पुढे मास्टर सिलिंडरचे दोन स्वतंत्र कप्पे करण्यात आले. पुष्कळ मोटारींत एक कप्पा पुढचे डावे व मागचे उजवे चाक सांभाळतो, दुसरा उरलेली दोन. एक मार्ग गेला तरी निम्मा ब्रेक हाती राहतो. हँडब्रेक तर याहूनही वेगळा असतो. तो पुष्कळ गाड्यांत अजूनही केबलने मागच्या चाकांना थेट जोडलेला असतो आणि द्रवाशी त्याचा काही संबंध नसतो. मामांनी तो थोडाथोडा ओढला त्याचे कारण आम्हाला नंतर कळले. एकदम ओढला असता तर मागची चाके जखडून जीप वळणावर फिरली असती.

चाकाशी पोहोचल्यावर दोन प्रकार भेटतात. ड्रम ब्रेक हा जुना. फ्रान्सच्या लुई रेनॉ यांनी १९०२ मध्ये त्याला आधुनिक रूप दिले. चाकाबरोबर फिरणारे पातेल्यासारखे लोखंडी भांडे आणि त्याच्या आत अर्धचंद्राकृती दोन शू अशी त्याची रचना असते. पेडल दाबले की व्हील सिलिंडर शूंना बाहेर ढकलतो आणि ते ड्रमच्या आतल्या अंगावर घासतात. पुढचा शू फिरणाऱ्या ड्रममुळे स्वतःच अधिक घट्ट ओढला जातो, त्यामुळे कमी जोरात चांगला ब्रेक लागतो. दोष हा, की उष्णता आत कोंडते. शिवाय तापलेले भांडे प्रसरण पावून शूंपासून दूर सरते आणि त्यामुळे पेडल आणखी खाली जाते.

डिस्क ब्रेकची कल्पनाही तितकीच जुनी आहे. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी इंग्लंडमध्ये १९०२ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. परंतु तिला प्रतिष्ठा मिळाली ती १९५३ च्या ले माँ शर्यतीत, जेव्हा डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार गाडी विजयी झाली. दोन वर्षांनी सित्रोएनच्या डीएस या मोटारीत पुढच्या चाकांना डिस्क आल्या आणि ही गोष्ट शर्यतीच्या मैदानातून सर्वसामान्यांच्या रस्त्यावर उतरली. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा कॅलिपर एवढाच तिचा संसार. तबकडी उघडी असल्याने ती लवकर निवते. पेडल सोडल्यावर पॅड मागे कसा येतो, याचे आम्हाला कुतूहल होते, कारण डिस्क ब्रेकला शूप्रमाणे ओढून घेणारी स्प्रिंग दिसत नाही. दट्ट्याभोवतीचे चौकोनी काठाचे रबरी सील दट्ट्याबरोबर किंचित पिळले जाते आणि दाब गेला की पूर्वस्थितीला येताना दट्ट्याला केसभर मागे ओढते. एवढेच पुरते. साध्या रबराच्या कड्याकडून इतके नाजूक काम करून घेणाऱ्याचे आम्हाला खरोखर कौतुक वाटते.

पुष्कळ मोटारींत पुढे डिस्क आणि मागे ड्रम असण्याचे कारण आपण बसमध्ये उभे असताना अनुभवतोच. ब्रेक लागला की आपण पुढे झुकतो. गाडीही तशीच पुढे झुकते, तिचे वजन पुढच्या चाकांवर येते आणि थांबवण्याचे साधारण ६० ते ७० टक्के काम पुढचीच चाके करतात.

आता त्या दिवशी नेमके काय झाले ते सांगता येईल. दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. लायनिंग अतोनात तापले की त्यातील राळ जळू लागते, तिचे वायू घासणाऱ्या पृष्ठभागांमध्ये शिरतात आणि पकड ढिली होते. करपट वास त्याचा होता. पण त्याने पेडल घट्टच राहते, गाडी मात्र थांबत नाही. पेडल तळाला गेले याचा अर्थ वेगळा होता : ब्रेक ऑइल उकळले होते.

याला ऑइल म्हणण्याची रूढी असली तरी ते तेल नव्हे. ते ग्लायकॉल जातीचे द्रव्य आहे, आणि चुकून त्यात खरेखुरे इंजिन ऑइल घातले तर साऱ्या रबरी सील फुगून निकामी होतात. ताज्या डॉट ३ द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश आणि डॉट ४ चा २३० अंश असावा असे प्रमाण आहे. पण या द्रवाला हवेतील ओलावा शोषून घेण्याची खोड असते. काही वर्षांत त्यात तीन-चार टक्के पाणी मुरले की डॉट ३ चा उत्कलनबिंदू १४० अंशांच्या आसपास, तर डॉट ४ चा १५५ अंशांच्या आसपास उतरतो. कोकणच्या दमट हवेत हे काय वेगाने होत असेल ते सांगायला नको. मग घाटात तापलेल्या चाकाजवळ द्रवात वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा चेपला जातो हे आपण वर पाहिलेच. पेडल भराभर दाबल्याने मास्टर सिलिंडर थोडा जास्त द्रव पुढे रेटतो आणि तात्पुरती का होईना पकड मिळते. मामांनी ते नेमके केले. गिअर खाली आणल्यावर चाकेच इंजिनाला फिरवू लागली आणि त्या श्रमात ऊर्जा जिरू लागली. हे काम घाटमाथ्यापासूनच करायचे असते. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम मामांना ठाऊक होता. आमच्या घाईने तो मोडला.

तापलेल्या बिडाच्या लोखंडावर पाणी पडले तर एक भाग एकदम आकसतो, दुसरा नाही, आणि लोखंड तडकते. ती बाटली मग आम्ही सर्वांनी मिळून पिऊन संपवली.

जीप निवल्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये महाडला आणली आणि गॅरेजवाल्याने मास्टर सिलिंडरवरील डबीचे झाकण उघडले. फिकट पिवळा असायला हवा तो द्रव काळ्या चहासारखा झाला होता. मालकाने तो कित्येक वर्षांत बदलला नव्हता. दर दोन वर्षांनी बदलावा असे बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत छापलेले असते, पण पुस्तिका कप्प्यातच राहते. सर्व द्रव काढून नवा भरायचा आणि नळ्यांतील ‘एअर काढायची’ होती. त्याला दोन माणसे लागतात. मिस्त्री मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकाशी बसला आणि पेडल दाबायला त्याने आम्हालाच बसवले. “दाबा सर… धरून ठेवा… आता सोडा.” धरून ठेवले असताना तो चाकाजवळचे निपल सैल करी, पारदर्शक नळीतून बुडबुडे येत, आणि निपल घट्ट केल्याशिवाय पाय उचलायचा नसे, नाहीतर हवा उलट आत ओढली जाई. चारही चाके होईपर्यंत पेडल हळूहळू पायाखाली टणक होत गेले. पास्कल यांचा सिद्धांत आम्ही त्या दिवशी तळपायाने वाचला. अकरा विद्यार्थी भोवती उभे होते. त्यांतील एकाने पुढे आयटीआयला मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम केला.

आधुनिक मोटारींत यावर आणखी एक राखणदार आला आहे, तो म्हणजे एबीएस. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक फिरायचे थांबले आणि नुसते घसरू लागले, तर स्टिअरिंग कितीही फिरवले तरी गाडी सरळच जाते. विमानांसाठी अशी योजना १९५० च्या दशकात आली, तर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ती १९७८ मध्ये बॉश कंपनीने मर्सिडीज मोटारीत आणली. प्रत्येक चाकाशी वेग मोजणारा सेन्सर असतो. एखादे चाक जखडू लागलेले दिसताच त्या चाकाचा दाब क्षणभर सोडला जातो आणि पुन्हा दिला जातो, हे एका सेकंदात अनेक वेळा. त्या वेळी पेडल पायाखाली थरथरते व खडखड आवाज येतो. अनेकजण घाबरून पाय उचलतात. उचलू नये. पेडल पूर्ण दाबून धरावे आणि गाडी वळवावी, कारण वळवता यावी यासाठीच तर ही योजना आहे. मात्र सुट्या खडीवर एबीएसमुळे थांबण्याचे अंतर उलट वाढू शकते, हे ग्रामीण रस्त्यांवरच्या चालकांनी लक्षात ठेवावे.

एस.टी. आणि मालमोटारींत द्रवाऐवजी दाबलेली हवा असते. थांब्यावर बस उभी राहिली की येणारा ‘फुस्स’ आवाज तिचाच. ही विद्या रेल्वेकडून आली. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ मध्ये हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले आणि पुढे १८७२ मध्ये त्यात मोठा बदल केला : हवेचा दाब असताना ब्रेक मोकळा राहतो आणि दाब गेला, नळी तुटली, की ब्रेक आपोआप लागतो. आजच्या अवजड वाहनांच्या हँडब्रेकमध्येही जबरदस्त स्प्रिंग ब्रेक लावून धरते आणि हवा तिला मागे रेटून ब्रेक सोडवते. म्हणून टाकीत पुरेशी हवा भरेपर्यंत अशी गाडी जागची हलत नाही. यासंबंधी आमच्या चालक विद्यार्थ्यांना आमच्यापेक्षा अधिक माहिती आहे, तेव्हा इथेच थांबतो.

यंदाच्या मेळाव्याला स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांनी निघण्यापूर्वी पाच मिनिटे काढावीत. ब्रेक ऑइलची डबी अर्धपारदर्शक असते व तिच्यावर दोन रेषा असतात. पातळी त्यांच्या दरम्यान हवी. पातळी उतरली असेल तर नुसती भर घालून समाधान मानू नये. एकतर पॅड झिजलेले असतात, नाहीतर कोठेतरी गळती असते. ब्रेक लावताना किंवा गाडी चालताना चाकातून बारीक किंचाळल्यासारखा आवाज येत राहिला तर तो पॅडवरच्या पातळ पत्र्याचा असू शकतो. पॅड संपत आल्याची सूचना देण्यासाठीच तो बसवलेला असतो. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर त्या बाजूचा नव्हे, विरुद्ध बाजूचा ब्रेक आधी तपासावा, कारण बहुधा तोच लागत नसतो. आणि बूस्टर पाहायचा असेल तर इंजिन बंद ठेवून पेडल घट्ट होईपर्यंत चार-पाच वेळा दाबावे, मग दाबून धरलेल्या स्थितीत इंजिन सुरू करावे. पेडल पायाखाली किंचित खाली गेले तर बूस्टर ठीक आहे. जागचे हलले नाही तर त्या दिवशी एस.टी.ने यावे, आणि गाडी मिस्त्रीकडे पाठवावी.